सहांतले चार पाय

कीटकाला सहा पाय असतात, हे प्राथमिक शाळेतच पाठ झालेलं असतं. भरवेलीतल्या एखाद्या पडीक जागेत रुईच्या पानावर टेकलेल्या प्लेन टायगर फुलपाखराचे पाय मोजायला बसलं, तर मात्र ते चारच भरतात. केशरी पंख, काळी किनार, पुढच्या पंखांच्या टोकाला पांढरा पट्टा, पोटाखाली मधले दोन आणि मागचे दोन पाय. पुढची जोडी कुठे गेली? ती तिथेच असते. डोक्याच्या मागे छातीला घट्ट चिकटवून ठेवलेली, आखूड, लवदार आणि चालायच्या कामाची नसलेली. नरात तर या पायांवर इतके दाट केस असतात की भिंगाखाली ते बारीक कुंचल्यांसारखे दिसतात. कुंचलपाद हे कुळाचं नाव यावरूनच पडलं. शास्त्रीय ग्रंथांत ते निम्फॅलिडी.

भरवेली बालाघाट शहराला लागूनच आहे. मॉइल कंपनीची इथली खाण आशियातली सर्वांत खोल भुयारी मँगनीज खाण म्हणून ओळखली जाते, आणि गावाची ओळख त्या काळ्या दगडाशीच जोडलेली आहे. पण जमिनीच्या वर आल्यावर भोवताल पूर्ण वेगळा. वैनगंगेच्या सपाटीवर धानाच्या बांध्या, धुऱ्यांवर चिंच, मोह आणि आंबा, उत्तर-पूर्वेला चढत गेलेल्या सातपुड्याच्या रांगांत बांबू, साग, तेंदू आणि पुढे साल. 1867 मध्ये भंडारा, मंडला आणि शिवनी या तिन्ही जिल्ह्यांचे भाग जोडून बालाघाट जिल्हा झाला. त्यामुळे धानपट्टा आणि डोंगरी जंगल दोन्ही त्याच्या वाट्याला आलं. फुलपाखरांच्या हिशेबात ही फार मोठी मिळकत आहे, कारण फुलपाखराचा पत्ता फुलांवरून लागत नाही. त्याची अळी कोणतं पान खाते यावरून लागतो. आणि कुंचलपाद कुळातल्या अळ्या फार वेगवेगळी पानं खातात.

जगभरात या कुळाच्या सहा हजारांहून अधिक जाती आहेत. फुलपाखरांतलं हे सर्वांत मोठं कुळ मानलं जातं. मध्य भारतापुरतं बघायचं तर आशिष टिपले आणि अरुण खुरद यांनी 2009 मध्ये प्रसिद्ध केलेली नागपूर परिसराची यादी हाताशी आहे. एकूण 145 जाती, त्यांतल्या 51 कुंचलपाद, 46 नील कुळातल्या, 22 चपळ कुळातल्या, 17 पीत-श्वेत आणि अवघ्या 9 पुच्छ कुळातल्या. म्हणजे दर तीन जातींमागे एक कुंचलपाद. त्याच्याही आधी नागपूरच्या मध्यवर्ती संग्रहालयाचे, लोकांच्या भाषेत अजब बंगल्याचे, क्युरेटर ई. ए. डी'आब्रू यांनी 1931 मध्ये जुन्या मध्य प्रांताची 177 जातींची यादी छापली होती. बालाघाट तेव्हा याच प्रांतात होतं. खास बालाघाट जिल्ह्यातल्या फुलपाखरांच्या संग्रहावर भारतीय प्राणी सर्वेक्षण संस्थेच्या वार्तापत्रात 1977 मध्ये आर. के. सिंह यांचं एक टिपण आलं. वाघांवर आणि बारसिंग्यावर कान्हा राष्ट्रीय उद्यानाच्या निमित्ताने जेवढं लिहिलं गेलं, त्याच्या मानाने हे काहीच नाही.

चालायला न लागणारे पाय फुलपाखराने जपून का ठेवले असावेत, या प्रश्नाचं उत्तर मादीकडे मिळतं. मादीच्या पुढच्या पायांवर चव ओळखणारे बारीक केस असतात. अंडं घालण्यापूर्वी ती पानावर उतरते आणि या दोन पायांनी पानावर भराभर टपटप वाजवते. पायांवरच्या काट्यांनी पानाचा पृष्ठभाग किंचित खरचटतो, रस बाहेर येतो आणि केसांना चव कळते. पान बरोबर असेल तर पोट वाकवून अंडं चिकटवायचं, नसेल तर पुढच्या पानावर. बाईमाणसाने भाजीबाजारात भेंडी मोडून बघावी, तसा हा प्रकार. बघणाऱ्याला वाटतं फुलपाखरू नुसतं या झाडावरून त्या झाडावर भिरभिरतंय. प्रत्यक्षात पिढीच्या पोटापाण्याचा निर्णय चाललेला असतो.

पायांवरून कुळ ठरवायचं तर एक अडचण आहेच. चोच फुलपाखरं, म्हणजे डोक्यापुढे लांब चोचीसारखे ओष्ठस्पर्शक असलेली लिबिथिया गटातली फुलपाखरं, याच कुळात मोडतात. त्यांच्यात नराचे पुढचे पाय आखूड असले तरी मादी मात्र सहाही पायांवर चालते. उलट मुग्धपंखी कुळ वेगळं असूनही त्यातल्या नरांचे पुढचे पाय आखूड असतात. म्हणून अभ्यासक एका खुणेवर विसंबत नाहीत. मिशांच्या खालच्या बाजूला लांबीभर तीन बारीक कंगोरे असणं, ही कुंचलपादांची त्याहून पक्की खूण. कोषही ओळखीला येतो. पुच्छ आणि पीत-श्वेत कुळांतले कोष कमरेभोवती रेशमाचा दोर बांधून टेकतात. कुंचलपादांचा कोष शेपटीच्या टोकाने उलटा, मोकळा लोंबतो. बागेतल्या कण्हेरीवर कॉमन क्रो फुलपाखराचा आरशासारखा चकाकणारा कोष अनेकांनी पाहिलेला असतो. त्याला कमरपट्टा नसतो.

एवढ्या खुणा माहीत असूनही या कुळाची हद्द ठरायला दोनशे वर्षांहून जास्त काळ गेला. 1758 मध्ये लिनियसने जगातली सगळी फुलपाखरं एकाच पापिलिओ प्रजातीत घातली आणि आत गट पाडले. गटांना त्याने नावं दिली ती होमरच्या काव्यातली आणि ग्रीक पुराणांतली, त्यामुळे आजही भारतातल्या फुलपाखरांच्या शास्त्रीय नावांत ट्रॉयच्या युद्धातली मंडळी भेटतात. 1815 मध्ये राफिनेस्कने निम्फॅलिडी हे कुळ उभं केलं. पण पुढची दीडशे वर्षं पंखांकडे बघून वर्गीकरण होत राहिलं. डब्ल्यू. एच. एव्हान्स यांचं 1932 चं भारतीय फुलपाखरांच्या ओळखीचं पुस्तक असो की एम. ए. विंटर-ब्लाइथ यांचा बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने 1957 मध्ये काढलेला ग्रंथ, दोन्हींत टायगर-क्रो मंडळी एक कुळ, तपकिरी सॅटिर फुलपाखरं दुसरं कुळ आणि उरलेली निम्फॅलिडी तिसरं, असा सवता संसार होता. जुने हौशी अभ्यासक अजूनही बोलताना डॅनाइड, सॅटिरिड असंच म्हणतात, आणि त्यात गैरसोय काही नाही.

ही घरं एकत्र आली ती आधी अळ्या, कोष आणि पाय बारकाईने तपासल्यावर आणि मग डीएनए वाचता आल्यावर. निक्लास वॉलबर्ग आणि सहकाऱ्यांनी 2009 मध्ये जगभरातल्या कुंचलपादांच्या जनुकांवरून या कुळाचा वंशवृक्ष मांडला. मूळ सुमारे नऊ कोटी वर्षांपूर्वीचं. डायनासोर ज्या उत्पातात संपले त्यातून या कुळाच्या दहा-बाराच शाखा तगल्या, आणि आजची सगळी विविधता त्यांच्यातून फुटली, असं त्यांचं म्हणणं. आज कुळात बारा उपकुळं धरतात. चोच फुलपाखरांची शाखा सर्वांत आधी वेगळी झाली. त्यांच्या मादीचे सहा पाय शाबूत का राहिले, याचा अर्थ त्यामुळे लागतो.

ही बाराही उपकुळं बालाघाटात भेटत नाहीत. तुतीची पानं खाणारं, एकाच प्रजातीचं कॅलिनागा उपकुळ हिमालय आणि ईशान्येकडचं. एम्परर आणि कॉन्स्टेबल मंडळींचा जोरही तिकडेच. पंखांवर नकाशासारख्या रेषा असलेलं कॉमन मॅप सह्याद्रीत किंवा हिमालयाच्या पायथ्याशी गाठावं. पण उरलेल्यांची पानं भरवेलीच्या आसपास पसरलेली आहेत.

पहिलं पान अर्थातच रुईचं. पान तोडलं की पांढरा चीक भळाभळा येतो, आणि त्या चिकात हृदयाची लय बिघडवणारी विषं असतात. गुरं रुईला तोंड लावत नाहीत. प्लेन टायगरची अळी मात्र तेच खाऊन मोठी होते. पांढऱ्या-काळ्या-पिवळ्या आडव्या पट्ट्यांची ही अळी पानाला आधी एक चर पाडते, शीर कुरतडते, चीक वाहून जाऊ देते आणि मग पुढचा भाग निवांत खाते. तिच्या अंगावर मऊ शिंगांसारखे काळे तंतू असतात, तीन जोड्या. ही संख्या लक्षात ठेवण्याजोगी आहे, कारण ब्लू टायगरच्या अळीला दोन जोड्या आणि कॉमन क्रोच्या अळीला चार जोड्या असतात. पंख फुटायच्या आधीच तिघांची ओळख पटते. खाल्लेलं विष अंगात साठतं, कोषातून फुलपाखरात उतरतं. त्याला खाणारा पक्षी ओकारी काढतो आणि पुन्हा त्या रंगाच्या वाटेला जात नाही. म्हणूनच ही फुलपाखरं संथ, दिमाखात उडतात. त्यांना घाई करायचं कारण नसतं.

नरांना एवढ्यावर भागत नाही. खुळखुळ्याच्या वाळक्या शेंगा आणि खोडं, भुरुंडीची सुकलेली पानं यांच्यावर ब्लू टायगर, प्लेन टायगर, क्रो यांचे नर झुंबडीने बसलेले दिसतात. तिथे मध नसतो. त्यांना हवी असतात त्या झाडांतली अल्कलॉइडं. ती शोषून नर आपल्या पोटाच्या टोकाशी असलेल्या केसांच्या झुपक्यात सुवास तयार करतो आणि मादीपुढे तो उधळतो. ज्याला खुळखुळा मिळाला नाही त्याला मादीही मिळणं कठीण.

विषारी माणसाच्या वेशात वावरणारे सोंगाडे असणार, हे ओघानेच आलं. डॅनॅइड एगफ्लाय, मराठीत छोटा चांदवा, या फुलपाखराचा नर आणि मादी बघून ती एकाच जातीची आहेत हे कुणी मानणार नाही. नर काळाभोर, पंखांवर जांभळ्या-निळ्या कडेचे मोठे पांढरे ठिपके. मादी हुबेहूब प्लेन टायगर: तोच केशरी रंग, तीच काळी किनार, तोच पांढरा पट्टा, उडणंही तितकंच आळसावलेलं. फरक मागच्या पंखावर आहे. प्लेन टायगरच्या मागच्या पंखाच्या मध्यावर तीन-चार काळे ठिपके असतात. चांदव्याच्या मादीला वरच्या कडेजवळ एकच. पक्ष्याला उडताउडता हे मोजायला वेळ नसतो. चांदव्याची अळी वाढते घोळीच्या भाजीवर, जी विषारी असती तर विदर्भातल्या आणि बालाघाटातल्या घरांत शिजली नसती. म्हणजे अंगात विष मुळीच नाही, नुसता गणवेश. 1862 मध्ये हेन्री बेट्स यांनी अॅमेझॉनच्या जंगलातल्या फुलपाखरांवरून या सोंगाची उपपत्ती मांडली आणि 1879 मध्ये फ्रिट्झ म्युलर यांनी दोन विषारी जाती एकमेकींसारख्या का दिसतात हे सांगितलं. दोघांच्याही हाताशी असलेली फुलपाखरं मुख्यतः याच कुळातली होती.

या छोट्या चांदव्याची एक गंमत अशी की 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या जुन्या पहिल्या अनुसूचीत त्याचं नाव वाघाच्या बरोबरीने होतं, आणि घोळ उगवणाऱ्या कुठल्याही परसात तो मजेत फिरत होता. दुर्मीळ जाती ठरवताना कधी कधी कागद आणि परस यांची गाठ पडत नाही.

धानाच्या बांध्यांचं फुलपाखरू कॉमन इव्हनिंग ब्राउन. सॅटिर उपकुळातलं, या उपकुळातल्या बहुतेकांच्या अळ्या गवत, बांबू आणि धान यांवर जगतात. धानपट्ट्याला यांची वाण कशी पडेल? इव्हनिंग ब्राउनची अळी हिरवीगार, डोक्यावर दोन शिंगं, धानाच्या पात्याला लांबीने चिकटलेली. हात लागेपर्यंत दिसत नाही. ती धान खाते, पण ज्याला शेतकरी रोग म्हणतो इतकी क्वचितच वाढते. फुलपाखरू दिवसभर पालापाचोळ्यात दडतं, तिन्हीसांजेला निघतं आणि घरातल्या दिव्याकडेही येतं. पावसाळ्यात पिढी निघते तेव्हा पंखांच्या खालच्या बाजूला ठसठशीत डोळे असतात. उन्हाळ्यात तीच जात येते तेव्हा डोळे गायब, पंखांच्या कडा टोकदार आणि रंग वाळक्या पानाचा. पावसाळी हिरवळीत शत्रूची चोच डोक्याऐवजी पंखाच्या कडेवरच्या खोट्या डोळ्यावर पडली तर फायदाच. पण मार्चनंतर सगळं जंगल पानगळीत बुडालं की हालचाल न करता पान होऊन पडून राहणं शहाणपणाचं. आफ्रिकेतल्या अशाच एका सॅटिर फुलपाखरावर पॉल ब्रेकफील्ड यांनी प्रयोगशाळेत काम केलं. सुमारे 27 अंशांना वाढवलेल्या अळ्यांतून मोठ्या डोळ्यांची फुलपाखरं आली, 17 अंशांना वाढवलेल्यांतून बारीक डोळ्यांची. जनुकं तीच, हवा वेगळी.

सॅटिरांची आणखी एक खूण मेलेलं फुलपाखरू हाती लागलं तर तपासता येते. पुढच्या पंखाच्या बुडाशी शिरा फुगीर असतात, बारीक फुग्यासारख्या. तिथेच या कुळातल्या अनेकांना कानासारखा अवयव असतो आणि फुगलेल्या शिरा खालच्या पट्टीतले आवाज टिपायला मदत करतात, असं अलीकडच्या संशोधनात दिसलं आहे.

आता जंगलाकडे. मध्य प्रदेश तेंदूपत्त्यात देशात पुढे आहे आणि बालाघाटच्या जंगलातल्या गावांत एप्रिल-मे हा पत्त्याचा हंगाम. त्याच तेंदूच्या पानावर आणखी एक गिऱ्हाईक असतं: बॅरोनेट. तांबूस केशरी, काळ्या नक्षीचं, खालून विटकरी लाल. बॅरोनेटची अळी तेंदूची पानं खाते आणि साल वृक्षाची पानंही खाते. बालाघाट हा या दोन्ही झाडांचा जिल्हा आहे, त्यामुळे बॅरोनेटला इथला भूमिपुत्र म्हणायला हरकत नाही. नर जंगलातल्या वाटेवर जमिनीलगत उडतो, उन्हाच्या तुकड्यात पंख पसरून बसतो आणि कुणी जवळ आलं की उठून, चक्कर मारून पुन्हा तिथेच येतो. गळून आंबलेल्या फळांवर त्याला सावकाश बघता येतं.

बॅरोनेटचा नातलग कॉमन बॅरन आंब्यावर वाढतो, आणि त्याची अळी बघण्यासारखी, खरं तर न दिसण्यासारखी आहे. हिरव्या अंगाच्या दोन्ही बाजूंना पिसांसारखे आडवे काटे, पाठीवर मधोमध पिवळसर रेघ. अळी पानाच्या मधल्या शिरेवर लांबीने बसते. पाठीवरची रेघ शिरेत मिसळते, पिसं पानाच्या बाजूच्या शिरांत. आंब्याची डहाळी हातात धरून बघणाऱ्यालाही बोट टेकेपर्यंत पत्ता लागत नाही. कळंबावर वाढणाऱ्या कमांडरची अळी वेगळीच युक्ती करते. पानाचं टोक दोन्ही बाजूंनी खाते, मधली काडी तशीच ठेवते आणि आपल्याच विष्ठेचे कण रेशमाने जोडून ती काडी आणखी लांबवते. दिवसा या टोकावर जाऊन बसायचं. मुंग्यांना तिथवर पोचणं अवघड आणि लांबून बघणाऱ्याला तो पानाचा वाळलेला तुकडा वाटतो.

कमांडर, सार्जंट, सेलर, बॅरन, ड्यूक ही नावं एकाच उपकुळात कशी आली, असा प्रश्न पडला तर ती कुणी ठेवली हे आठवावं. भारतातली फुलपाखरं गोळा करणाऱ्यांत ब्रिटिश फौजेतले अधिकारी भरपूर होते. एव्हान्स स्वतः ब्रिगेडियर.

चिंचेवर ब्लॅक राजा. अळीच्या डोक्यावर शिंगांचा मुकुट, फुलपाखरू जाड छातीचं, अंगात जोर इतका की झाडाच्या शेंड्याभोवती पाखरासारखं सुसाटतं. फुलांकडे हे ढुंकूनही बघत नाहीत. राजा आणि नवाब मंडळींना आवडतं सडकं फळ, झाडाचा पाझर, शेण, वाघाची विष्ठा, मेलेल्या जनावराचा ओलावा. नाव राजाचं आणि जेवण हे. एरंडीवर अँगल्ड कॅस्टर, तपकिरी पंखांवर लहरींच्या रेघा. अळ्या एरंडीच्या पानांवर, फुलपाखरू त्याच झुडपाभोवती घुटमळतं. जोकर हे त्याचं नातलग माळरानावर, अंगाला खाज आणणाऱ्या ट्रॅजियाच्या वेलीवर वाढतं.

पॅन्सी फुलपाखरांच्या सहा जाती भारतात आहेत: ब्लू, यलो, लेमन, पीकॉक, ग्रे आणि चॉकलेट. सहाही मध्य भारतात मिळतात. धानाच्या पाणथळ कडांना उगवणारा तालिमखाना आणि कुंपणाची कोरांटी, ही त्यांच्यातल्या बऱ्याच जणांची पानं. पीकॉक पॅन्सीचं उन्हाळी रूप पंख मिटून बसलं की देठासकट वाळकं पान. पॅन्सींच्या उपकुळात पानाची नक्कल कळसाला नेली ती ऑरेंज ओकलीफने. ते पचमढीच्या घळींत भेटतं. 2020 मध्ये राष्ट्रीय फुलपाखरू कोणतं असावं यासाठी देशभरातल्या अभ्यासकांनी लोकांचा कौल घेतला, तेव्हा अंतिम सात नावांत ऑरेंज ओकलीफ, कॉमन नवाब आणि नॉर्दर्न जंगल क्वीन ही तीन कुंचलपाद होती.

याच उपकुळातलं पेंटेड लेडी हे भटक्यांचं शिरोमणी. युरोप आणि आफ्रिका यांच्या दरम्यान त्याच्या पिढ्या वाटेत जन्मत, मरत प्रवास पुरा करतात. ऑक्टोबर 2013 मध्ये दक्षिण अमेरिकेतल्या फ्रेंच गयानाच्या किनाऱ्यावर काही पेंटेड लेडी सापडल्या. त्यांनी आफ्रिकेकडून सुमारे 4200 किलोमीटरचा अटलांटिक वाऱ्याच्या आधाराने ओलांडला होता, हे 2024 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दाखवलं गेलं.

मोठ्या चांदव्याची, म्हणजे ग्रेट एगफ्लायची गोष्ट त्याहून विलक्षण. पॅसिफिकमधल्या सामोआच्या बेटांवर या फुलपाखरांत वोल्बॅकिया नावाचा जिवाणू पसरला होता. तो आईकडून अंड्यात जातो आणि नर भ्रूण मारून टाकतो. 2001 मध्ये तिथे शंभरात एखादाच नर उरला होता. पाच वर्षांनी गणती झाली तेव्हा सवाई बेटावर नरांचं प्रमाण 40 टक्क्यांच्या आसपास पोचलेलं. जिवाणू गेला नव्हता, त्याला दाबून टाकणारं जनुक जेमतेम दहा पिढ्यांत त्या फुलपाखरांत पसरलं होतं. उत्क्रांती म्हणजे लाखो वर्षांचं प्रकरण, ही समजूत असलेल्यांनी सामोआचा हा अनुभव जरूर वाचावा.

टॉनी कोस्टरकडे जाता जाता कॉमन लेपर्डचा उल्लेख हवा: तांबटाच्या काटेरी झुडपाभोवती सतत पंख हलवत बसणारं, केशरी, काळ्या ठिपक्यांचं. दोघं एकाच उपकुळातली, दक्षिण अमेरिकेतल्या हेलिकोनियसची भावंडं. टॉनी कोस्टर अगदी मंद. शाळकरी पोर त्याला चिमटीत धरतं आणि ते निपचित पडून मेल्याचं सोंग आणतं. दाबलं तर पिवळा, कडू वासाचा द्रव सोडतं. कृष्णकमळ आणि माळावरचं रतनपुरुष ही त्याच्या अळ्यांची झाडं. अळ्या काटेरी, तांबूस, घोळक्याने राहणाऱ्या. नर मिलनानंतर मादीच्या पोटाच्या टोकाला डिंकासारखं बूच लावून टाकतो, म्हणजे दुसऱ्या नराला वाव राहत नाही. मादी हातात आली तर हे बूच नुसत्या डोळ्यांनी दिसतं.

भारत आणि श्रीलंकेतलं हे फुलपाखरू विसाव्या शतकाच्या शेवटाकडे पूर्वेला सरकू लागलं. थायलंड, मलेशिया, सिंगापूर आणि मग इंडोनेशियाची बेटं. जंगलं तुटून मोकळ्या, तणाच्या जागा झाल्या आणि त्याला लागणारी झाडं तिथे उगवली. 2012 मध्ये ऑस्ट्रेलियाच्या नॉर्दर्न टेरिटरीत त्याची नोंद झाली आणि पुढच्या काही हंगामांत ते तिथे रुजलं.